एक्केचाळीस नंबरची लाइन

“खुर्ची हलवू नका. बाकी काय न्यायचं ते न्या.”

कुंभोजे अण्णा टेलिफोनच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे होते आणि स्टोअरची दोन माणसं जळालेलं एक्स्चेंज उचलून बाहेर काढत होती. आदल्या दुपारी परतीच्या पावसात वीज पडली ती थेट कारखान्याच्या टेलिफोनच्या तारांवर. गोदरेजच्या कपाटाएवढं ते यंत्र आतून कोळसा झालं होतं. खोलीत जळक्या रबराचा वास कोंडला होता.

अण्णा आमच्या साखर कारखान्याचे टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दृष्टी नाही. सत्तावीस वर्षं ते त्या खुर्चीत बसत होते. ऊस टाकायच्या गव्हाणीपासून चेअरमनच्या केबिनपर्यंत कारखान्यातले साठ फोन त्यांच्या बोटांखालून जायचे. कुणी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी माणूस कोण, जेवला आहे की नाही आणि कुणाशी भांडून आला आहे, हे त्यांना कळायचं.

मी दारात उभी होते. मुलाला कडेवर घ्यावं तसा एक जुना कॉम्प्युटर कमरेवर टेकवलेला.

“मगदूम बाई,” अण्णा म्हणाले, “धाप लागलीया तुम्हाला. काय उचलून आणलंय?”

“कॉम्प्युटर आणलाय अण्णा. आता फोन ह्याच्यावरून चालणार.”

“चालवणार कोण?”

“मी.”

अण्णांनी काठीनं खुर्ची चाचपली आणि तिच्यात बसले. “मग तो तितं कोपऱ्यात ठेवा,” ते म्हणाले. “माझ्या पायात नको.”

ही दोन हजार सातच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागून मला दोन वर्षं झाली होती आणि माझं काम होतं ऊस मोजायच्या काट्यावरची यंत्रं चालू ठेवणं. त्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी भिंतीशी बसले होते. नवीन एक्स्चेंज यायला दोन महिने लागणार होते आणि गाळप सुरू व्हायला अठरा दिवस होते. फोनशिवाय कारखाना चालत नाही. मिलवरच्या माणसानं बॉयलरला वाफ मागायची ती फोनवर, मिल अडली तर गव्हाणीत ऊस टाकणं थांबवायचं तेही फोनवर. यंत्रांच्या आवाजात ओरडून काही होत नाही. चीफ इंजिनिअर म्हणाले, निरोप घेऊन माणसं पळवू. कुणीतरी हसलं.

तेव्हा मी हात वर केला. इंटरनेटवर एक टेलिफोनची प्रणाली मिळते, म्हटलं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. आतला मजकूर उघडा असतो, कुणीही वाचावा, हवा तसा बदलावा. साधा कॉम्प्युटर तिनं टेलिफोन एक्स्चेंज होतो. गेल्या वर्षी काट्यापासून ऑफिसपर्यंत टाकलेली कॉम्प्युटरची केबल आहेच. मी घरी दोन फोनांवर चालवून बघितली आहे.

दोन आणि साठ यांतला फरक कुणीही विचारला असता. कार्यकारी संचालक सरनोबत साहेबांनी तो विचारला नाही.

“किती दिवस लागतील?”

“पंधरा.”

“आणि नाही जमलं तर?”

“जमेल साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्या इमारतीत मला असं नीट बघणारे ते पहिलेच. बाकीच्यांच्या लेखी मी काट्यावरची मुलगी होते. “द्या हिला काय लागेल ते,” ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुढं जे झालं ते सांगताना ही गोष्ट मी कधी गाळत नाही. मला संधी दिली ती त्यांनी.

कामाला लागले. प्रणाली उतरवून घ्यायलाच दीड दिवस गेला, कारण आमचं इंटरनेट बैलगाडीच्या चालीनं यायचं. मग एक कार्ड बसवलं, त्यात बाहेरच्या चार लाइनी जोडल्या. जुन्या काळ्या फोनांची कॉम्प्युटरशी भाषा जुळावी म्हणून लहान लहान डबे मिळतात, ते कोल्हापूरहून आणवले. बाकी सगळं काम लिहिण्याचं. एक फाइल असते, तिच्यात ओळीनं लिहायचं: अकरा नंबर फिरवला तर टाइम ऑफिसची घंटी वाजव, तीस सेकंदांत उचलला नाही तर ऑपरेटरकडं दे. म्हटलं तर सोपं. एक स्वल्पविराम चुकला तर सगळा कारखाना मुका.

पाचव्या दिवशी पहिले चार फोन वाजले. बॉयलर हाऊसमधून मी ऑफिसला फोन लावला आणि बोलायला लागले, तर माझाच आवाज अर्ध्या सेकंदानं माझ्या कानात परत. विहिरीत बोलल्यासारखं. दोन दिवस मी ते घुमणं कमी करायचे आकडे बदलून बघितले. इंटरनेटवरच्या एका चर्चेत प्रश्न टाकला, त्याला ब्राझीलमधल्या कुणा माणसानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं: प्रत्येक तारेची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येक लाइनचा आकडा वेगळा लागेल, कानानं ऐकून ठरव. माझ्या कानाला मात्र सगळंच सारखं घुमत होतं.

खुर्चीतून आवाज आला, “मी ऐकू का?”

इतके दिवस अण्णा नुसते बसून होते. यायचे वेळेवर, जायचे वेळेवर, माझ्याशी कामापुरतंही बोलायचे नाहीत. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

“बॉयलरला लाव,” ते म्हणाले. त्या दिवसापासून मी ‘अगंतुगं’ झाले. पलीकडच्या माणसाशी ते हवापाण्याचं बोलले आणि मला म्हणाले, “अजून घुमतंय. कमी कर.” मी आकडा बदलला. “आता बुडाला आवाज. वर घे थोडा. थोडाच. हां, तितंच ठेव.”

साठ लाइनी आम्ही अशा चार दिवसांत लावल्या. मी आकडा फिरवायची, अण्णा ऐकायचे. साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलच्या फोनला त्यांनी अकरा वेळा ‘पुन्हा’ म्हटलं आणि बाराव्या वेळी नुसता पुढचा नंबर मागितला. त्याला मी शाबासकी समजले.

ती प्रणाली बोलायची इंग्रजीत. ‘आपण लावलेला नंबर व्यस्त आहे’ हे कुणा परदेशी बाईच्या आवाजात ऐकून गव्हाणीवरचा मुकादम फोन ठेवून पळाला असता. म्हणून अण्णांचा आवाज घ्यायचं ठरलं. आवाज घुमू नये अशी एकच जागा कारखान्यात होती, बारदानाचं गोडाऊन. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एक स्टूल टाकलं आणि अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले.

“फोटो नाही अण्णा, आवाज घ्यायचाय.”

“आवाजालाबी कपडे लागतात,” ते म्हणाले. घसा खाकरून त्यांनी बावीस वाक्यं सांगितली, एकही पुन्हा सांगावं लागलं नाही.

तेराव्या दिवशी साठच्या साठ फोन वाजले. सरनोबत साहेबांनी आपल्या केबिनमधून एकेक नंबर फिरवून बघितला, मग मला आत बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं.

“राजश्री, हे तू एकटीनं केलंस.”

“अण्णांनी अर्धं केलं, साहेब.”

“असेल.” ते थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. “एक विचारतो. ह्या तुझ्या सिस्टिममध्ये एखाद्या नंबरवरचं बोलणं रेकॉर्ड होऊ शकतं?”

“एका ओळीचं काम आहे,” मी म्हटलं.

हे मी अभिमानानं म्हटलं. माझ्या यंत्राला काय काय येतं हे सांगायची ती आणखी एक संधी होती, एवढंच मला दिसलं.

“एक्केचाळीसला लाव,” साहेब म्हणाले.

एक्केचाळीस म्हणजे युनियनचं ऑफिस. बॉयलर अटेंडंट दादू बिरांजे युनियनचे सरचिटणीस होते. हंगामी कामगारांना कायम करा म्हणून त्यांचं दोन वर्षं चाललं होतं आणि या वेळी त्यांनी हंगामाच्या तोंडावर निवेदन दिलं होतं.

साहेबांनी माझ्या चेहऱ्यावरचं वाचलं असावं. “हे बघ,” ते म्हणाले, “मोळी टाकून हंगाम सुरू केल्यावर ह्यांनी बॉयलर सोडला तर गव्हाणीत ऊस वाळेल. सात हजार सभासदांचा ऊस आहे. कुठल्या दिवशी काय करणार आहेत, एवढंच मला आधी कळायला हवं. कुणाच्या घरात डोकवायचं नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तेवढंच हवं होतं. मी खोलीत परत आले आणि ती ओळ लिहिली. अण्णा चहाला गेले होते. ते नसताना मी ते केलं, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाजाची फाइल तयार झाली की नाही बघायला मी हेडफोन लावला. रेकॉर्डिंग होतंय का एवढंच बघायचं होतं. त्याला पाच सेकंद पुरे होते.

मी चार मिनिटं ऐकलं.

बिरांजेंनी मिरजेच्या एका दवाखान्यात फोन लावला होता. त्यांच्या बायकोच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलेला होता. पलीकडचा डॉक्टर सांगत होता की गाठ साधी दिसत नाही, आणखी एक तपासणी करावी लागेल, पेशंटला लवकर घेऊन या.  बिरांजे म्हणाले, “डॉक्टर, तिला सांगू नका. घरी फोन करू नका. हंगाम तेवढा सुरू होऊ दे, मी बघतो.” डॉक्टर म्हणाला, थांबण्यासारखं नाही. बिरांजे म्हणाले, “व्हय.” आणि डॉक्टरनं फोन ठेवल्यावरही काही क्षण त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी कँटीनमध्ये बिरांजे समोरच्या बाकावर बसून मिसळ खात होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणाले, “मॅडम, फोन एकदम खणखणीत चाललेत.” जी गोष्ट बायकोला सांगायचं त्यांचं धाडस होत नव्हतं, ती माझ्या कानात होती. मी बशी तशीच ठेवून उठले.

सकाळी खोलीत शिरले तर अण्णा रिसीव्हर कानाला लावून बसले होते.

“राजश्री, एक्केचाळीसला काय केलंस?”

“कुठं काय?”

“फोन उचलला की आवाज केसाएवढा मागं राहतोय. परवापर्यंत न्हवता. बाकीच्या एकोणसाठांत नाही. मी सगळे लावून बघितले.”

जुना कॉम्प्युटर होता, रेकॉर्डिंगचा भार त्याला जाणवत असणार. दुसऱ्या कुणाला ते कळणं शक्य नव्हतं. मी खोटं सांगू शकले असते; एक आकडा चुकला म्हटलं असतं तर त्यांना खरं-खोटं करता आलं नसतं. पण ज्या कानांनी मी साठ लाइनी लावून घेतल्या त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ उचलेना.

“रेकॉर्डिंग लावलंय,” मी म्हटलं. “साहेबांनी सांगितलं.”

“ऐकलंस?”

“चार मिनिटं.”

अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं.

“जुन्या बोर्डावर एक किल्ली होती,” ते म्हणाले. “ती वर केली की दोघांचं बोलणं मला ऐकू यायचं. लाइन लागली का नाही बघायला ती वर करावीच लागायची. दोन सेकंद. ‘हॅलो’ला ‘हॅलो’ मिळालं की किल्ली खाली. सत्तावीस वर्षांत ह्या कारखान्यात काय काय झालं असंल. चेअरमन बदलले, दोनदा संप झाला, माझ्या स्वतःच्या मेव्हण्याला नोकरीवरनं काढायचं ह्याच बोर्डावरनं ठरलं. मला कळलं तेव्हा गावाला कळलं होतं.”

“तुम्हाला कधी ऐकावंसं वाटलं नाही?”

“रोज वाटायचं,” अण्णा म्हणाले. “म्हणून तर दोनच सेकंद.”

 हे कर, ते करू नको, असं काही त्यांनी सांगितलं नाही. काठी घेऊन चहाला निघाले.

मी बसून राहिले. नाही म्हणणं सोपं होतं. पण मी नाही म्हटलं तर साहेब कोल्हापूरहून दुसरा माणूस आणतील आणि तो मुकाट्यानं तीच ओळ लिहील. आणि मला हे यंत्र सोडायचं नव्हतं. ते माझं होतं. त्याच्यातली ओळन् ओळ मला पाठ होती आणि ते काय करू शकतं हे तिथल्या कुणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. तासाभरानं अण्णा आले तेव्हा माझं ठरलं होतं.

“अण्णा, एक वाक्य राहिलंय. गोडाऊनला येता?”

त्यांनी वाक्य विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते मनात एकदा घोळवलं, आणि मग त्यांच्या ओठाची एक कड जरा वर गेली. “चल,” म्हणाले. “सदरा आज साधाच हाय, पण चालंल.”

तिसऱ्या प्रहरी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“एक्केचाळीसचं काम झालंय, साहेब. लावून बघा.”

मी त्यांना आधी सांगू शकले असते. मुद्दाम सांगितलं नाही. ते बरोबर केलं असं मी आजही म्हणणार नाही. पण आधी सांगितलं असतं तर त्यांनी फोन लावला नसता.

साहेबांनी स्पीकर चालू करून एक्केचाळीस फिरवला. घंटी वाजली, पलीकडून बिरांजेंचा “हॅलो” आला, आणि त्याच क्षणी दोघांच्याही कानावर अण्णांचा आवाज पडला, सावकाश, स्वच्छ, रेडिओवरच्या बातम्यांसारखा: “नमस्कार. हे संभाषण कारखान्याच्या वतीनं रेकॉर्ड केलं जात आहे. धन्यवाद.”



“कोण बोलतंय?” बिरांजेंनी विचारलं.

“मी, सरनोबत.”

“साहेब, हे रेकॉर्डचं कवापासून?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ते काहीही म्हणू शकले असते. नवीन सिस्टिम आहे, सगळ्यांचंच होतं. चाचणी चालली आहे. मी तोंड उघडलं नसतं, कारण तिथून पुढचं माझ्या हातात नव्हतं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

“वर या, बिरांजे,” ते म्हणाले. “समोरासमोर बसून बोलू.”

“आमची कमिटी घेऊन येतो.”

“या.”

फोन ठेवून ते उठले आणि खिडकीशी गेले. खाली आवारात उसाची पहिली रिकामी वाहनं उभी राहायला लागली होती.

“ते वाक्य काढून टाक.”

“काढते साहेब. रेकॉर्डिंगसकट काढते.”

“मी फक्त वाक्य म्हटलं.”

“रेकॉर्डिंग राहिलं तर वाक्यही राहील. वेगळं करता येतं, पण मी करणार नाही. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर फाइल उघडी आहे. त्या ओळीच्या वर मी तारीख, माझं नाव आणि हे कुणाच्या सांगण्यावरून केलं ते लिहून ठेवलंय. जो कुणी बदलेल त्याला आधी ते वाचावं लागेल.”

साहेब वळले. “मोळी पडेपर्यंत तुला हात लावता येणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून बोलतेयस.”

“त्यानंतर काय होईल तेही माहीत आहे, साहेब.”

साहेब पुन्हा खिडकीकडे वळले. मी बाहेर आले तेव्हा माझे पाय हलके होते. घाबरायला हवं होतं, तसं झालं नाही. त्या पंधरा दिवसांत मला माझं काम नीट येत होतं आणि आता ते कशासाठी करायचं नाही हेही येत होतं.

बैठक तीन तास चालली. मी तिथं नव्हते. अण्णांनी दोनदा चहा सांगायला फोन जोडून दिला, एवढंच आम्हाला ठाऊक. बाहेर आलं ते असं की निम्मे हंगामी कामगार दोन हंगामांत कायम होतील आणि कुठल्याही फोनवर न सांगता रेकॉर्डिंग होणार नाही, हे कागदावर येईल. युनियननं बॉयलर ठरल्या दिवशी पेटवायचं कबूल केलं. कोण जिंकलं म्हणाल तर सांगता येत नाही. सरनोबत साहेब ताठ माणूस, पण अडाणी नव्हते. लपवलेलं उघडं पडलं तेव्हा ते नाकारण्यात वेळ घालवला नाही, आणि त्यामुळं बैठक झाली.

मला मात्र एक काम उरलं होतं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

रेकॉर्डिंगची फाइल मी पुसली होती. पुसलेलं कुणाला कळलं नसतं. पण बिरांजे निवडणूक जिंकल्यासारखे हसत बॉयलर हाऊसकडे निघाले होते आणि त्यांना वाटत होतं की रेकॉर्डिंग आजच सुरू झालं आणि आजच बंद झालं. मी त्यांच्या मागून गेले. बॉयलरची शेवटची सफाई चालली होती. ते गेजच्या काचेवरून फडकं फिरवत होते.

“बिरांजे, रेकॉर्डिंग परवापासून चालू होतं. मीच लावलं होतं. आणि त्यातला एक फोन मी ऐकला.”

फडकं थांबलं. “कुठला?”

“मिरजेचा.”

 मला वाटलं, शिवी देतील, आणि ती घ्यायची मी तयारी केली होती. पण त्यांचा चेहरा नुसता उतरला, एखाद्या लहान मुलाची चोरी सापडल्यासारखा.

“सगळा?”

“सगळा. मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. फाइल पुसलीय. पण ऐकलं ते ऐकलं, ते मला पुसता येत नाही. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून सांगितलं.”

“जावा तुम्ही मॅडम,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून पुन्हा काच पुसायला लागले. ती काच आधीच लख्ख होती.

ठरल्या मुहूर्तावर मोळी पडली. साठ फोन चालले. त्या हंगामात एकदाही मिल फोनमुळं थांबली नाही. अण्णांची खुर्ची राहिली. बाहेरचा प्रत्येक फोन आधी ऑपरेटरकडेच जाईल अशी ओळ मी लिहून ठेवली होती आणि ती बदलायचं कुणाला सुचलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी माझी बदली बावीस किलोमीटरवरच्या शेतकी गट ऑफिसला झाली. पत्र्याची खोली, एक कपाट, ऊसनोंदीची रजिस्टरं. साहेबांनी ऑर्डरवर स्वतः सही केली होती आणि मी आभार मानून ती घेतली. कारखान्याचा फोन अडला की ते मलाच गाडी पाठवायचे, आणि मी जायची. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

जानेवारीतली एक सकाळ. ऑफिसच्या दारात एसटीतून उतरलेलं जोडपं उभं राहिलं. पुढं बिरांजे, मागं डोक्यावरून पदर घेतलेली एक किडकिडीत बाई. तिच्या डाव्या हाताला सूज होती आणि तो तिनं पदरात धरून ठेवला होता. बिरांजे दारातच थांबले. ती आत आली.

“तुम्हीच व्हय, ऐकलेल्या?” तिनं विचारलं.

“हो,” मी उभी राहत म्हटलं.

“ह्यांनी त्याच दिवशी घरला येऊन सांगितलं मला. म्हणाले, ऑफिसातल्या बाईला ठाऊक हाय अन् तुला नाही, असं कसं ठेवू. म्हंजे तुम्हाला कळलं नसतं तर आणि दोन-तीन महिने बोलले नसते.” ती थांबली. “म्हणून काय तुमचा उपकार न्हाई. मला लई राग आलता तुमचा. माझ्या अंगातली गोष्ट, माझ्याआधी तुमच्या कानात. अजून हाय थोडा राग.”

“असू दे,” मी म्हटलं. “तो असायलाच हवा.”

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. दारात उभ्या नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही जरा चहा सांगा जावा.” ते गेले. मी माझी खुर्ची टेबलामागून काढून तिच्यापुढं ठेवली. ती बसली, सुजलेला हात मांडीवर नीट ठेवला. मी समोरच्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर टेकले.

“डिसेंबरात आपरेशन झालं,” आक्काताई बिरांजे म्हणाल्या. “तुम्ही निम्मंच ऐकलंय. आता मी सांगते ते पुरं ऐका.”